अकरा नंबरची काच

दारूखान्यात, लोखंडाच्या वखारींमागच्या गाळ्यात
मी पहिल्यांदा गेले तेव्हा
आयटीआयचं सर्टिफिकेट पिशवीत होतं
आणि अंगात नायलॉनचा कुर्ता, नवा, पोपटी.
इस्माईलचाचा चौगुल्यांनी वर बघितलंही नाही.
म्हणाले, घरी जा. सुती घालून ये.
नायलॉन नुसतं जळत नाही गो, चिकटतं.

दुसऱ्या दिवशी भावाचा शर्ट.
खिसे उलटे करायला लावले:
बसचं तिकीट, दोन रुपये, प्लास्टिकचा कंगवा.
कंगवा बाहेर.
बाह्या खाली. वरचं बटण लाव.
पँट बुटात खोचू नकोस, वरून सोड,
ठिणगीला फट दिसली की ती राहायलाच येते.

लोक म्हणतात, डोळ्यात तेल घालून काम करावं.
चाचा म्हणायचे, तेल राहू दे, काच घाल.
अकरा नंबरची. ती खाली केली
की क्रेन विझते, भिंत विझते, चाचा विझतात,
उरतो मुगाच्या दाण्याएवढा ओला उजेड
आणि त्याला हळूहळू पुढे न्यायचं,
झोपेतून उठलेल्या पोराला
मोरीपर्यंत न्यावं तसं.

मी एकदाच फसले.
एकच टॅक मारायचा होता. म्हटलं, डोळे मिटते.
रात्री दोनला पापण्यांखाली रेती भरली.
शेजारणीने बटाट्याच्या चकत्या आणल्या,
आईने गुलाबपाणी,
मी कुणाला डोळ्याला हात लावू दिला नाही,
सकाळी आईचा पदर धरून
जे.जे.ची पायरी चाचपडत चढले.
तीन दिवसांनी कामावर. चाचा ओरडले नाहीत.
एवढंच म्हणाले,
तुझ्यामागे बिलाल चहा घेऊन उभा होता.
त्याला कुणी नेलं गो दवाखान्यात?

तेव्हापासून आधी पडदा ओढते,
मग गाळाभर आवाज देते: डोळेऽऽ!
मग काडी टेकवते.
बिलाल आता केबिनमध्ये बिलं करतो,
तरी आवाजासरशी पाठ वळवतो.

पुढे प्लाझ्मा आला.
चाचांनी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या,
नव्या बैलाभोवती माराव्यात तशा.
पत्रा पाण्यासारखा कापतो म्हणून सगळे खूश,
ते मात्र म्हणाले, बोट सुटलं म्हणजे मशीन झोपलं नाही.
टीप बदलायची तर मेन पाड,
आणि ओल्या हातमोज्याने त्याच्याशी ओळख नको.

एका दुपारी सांगोईशेठनी पिंप पाठवलं.
दोन तुकडे करा, संध्याकाळी गाडी आहे.
चाचांनी झाकण उघडून वास घेतला. थिनर.
शेठ म्हणाले, रिकामं आहे की!
चाचा म्हणाले, रिकामं आहे म्हणूनच.
द्रव संपला, आत वाफ बसलीय.
शेठनी दिवसाची मजुरी कापली.
पिंप तसंच परत गेलं, गडगडत, हातगाडीवर,
आणि त्या दुपारी दारूखान्यात काहीच झालं नाही.
शेजारच्या गाळ्यात पत्ते चालू होते.
कुणी मान वर केली नाही, करायचं कारणच नव्हतं.
मला तारीख आठवत नाही.
मला हातगाडीचा आवाज आठवतो.

चाचा आता दाभोळला असतात.
फोनवर आधी खोकतात, मग सलाम करतात.
त्यांच्या उमेदीत गॅल्व्हनाइजच्या धुरावर
गुळाचा खडा हाच इलाज होता,
आणि रात्री थंडी वाजून ताप आला
तर म्हणायचे, हवा बदलली.
ते माझ्या पगाराचं विचारत नाहीत, लग्नाचं तर नाहीच.
विचारतात, पंखा चालू आहे?

मी फोन एग्झॉस्टसमोर धरते.
तिकडे ते काही बोलत नाहीत,
ऐकत राहतात.