सत्तेचाळीस

लेइडाने तबकड्या आणल्या बिस्किटांच्या डब्यातून.
सात. वर मार्करने लिहिलेलं: बर्फ १, बर्फ २,
मग एकदम बर्फ ५,
आणि एकीवर नुसतंच, नको.

हाप्सालूच्या वाचनालयाच्या तळघरात
गरम पाण्याच्या पाइपाला खेटून माझं टेबल.
लोक लग्नं आणतात, बारशी, डुकराचं पिल्लू अंगणभर पळतंय अशी अर्धा तास,
मी ती संगणकाला पचतील अशी करून देतो.
तबकडीला पाच युरो. चरे असतील तर सात.

म्हणाली, टीव्हीवर दिसतं सगळं,
पण नातवाची कात्री त्यावर चालत नाही.
कशी चालेल?
डीव्हीडी म्हणजे शिजून ताटात आलेला भात,
त्याचे पुन्हा तांदूळ करून मागतात माझ्याकडे.

आत दोन फोल्डर. आवाजाचा रिकामा.
तो रिकामाच असतो,
तरी मी दर वेळी उघडून बघतो.
दुसऱ्यात फाइली, एकेक जीबीच्या,
विटांसारख्या एका मापाने कापलेल्या.
कापणाऱ्याला वाक्य कुठे संपतं याचं सोयरसुतक नाही.

गोठलेला समुद्र. हीउमा बेटाकडे जाणारी बर्फावरची वाट,
कडेने जुनिपरच्या फांद्या खोचलेल्या.
गाडी लेइडा चालवतेय, पट्टा न बांधता, तिथला नियमच तो.
कॅमेरा एन्देलकडे. तो फांद्या मोजतोय.

जे जे हललं ते फणीच्या दातांनी विंचरल्यासारखं चिरलेलं:
फांद्या, वायपर, गिअरवरचा तिचा हात.
जे हललं नाही ते स्वच्छ:
क्षितिज, थर्मॉस.
मी त्या रेघा विरघळवल्या.
ताणून रुंद झालेली तिची हनुवटी
चार-तीनच्या चौकटीत परत बसवली.
आवाज सहा फ्रेम मागे रेंगाळत होता,
त्याला धरून ओठांपाशी आणला.

पहिली फाइल संपते ती अशी:
पंचेचाळीस, शेहेचाळीस, सत्ते
आणि दुसरी सुरू होते:
चाळीस.

सुटी सुटी बदलली तर सांध्यात चिमूटभर शांतता सांडते.
म्हणून आधी विटा जोडल्या, मग रात्रभर चालू ठेवलं.
सकाळी आकडा अखंड होता. ऐकून पाहिला तीनदा.
कुठे जोडलंय ते मलाही सापडेना.
खूश होतो मी.

मंगळवारी तिने हेडफोन लावले. ऐकत राहिली.
मग म्हणाली, इथे अडायचं ते.

आमचा प्लेअर इथे अडकायचा. दर वेळी.
फांदी काचेपाशी थांबलेली, आणि तो सत्ते म्हणून गप्प.
मी सोफ्यावरून म्हणायचे, चाळीस,
की गाडी पुढे.
एन्देल हसायचा.
नंतर तो नव्हता, तरी म्हणायचेच,
नाहीतर रात्रभर तिथेच उभे राहिलो असतो आम्ही,
समुद्राच्या मधोमध.

मी काही बोललो नाही. सांधा शोधायला वेळ लागला,
इतका नीट बसवला होता.
तिथे चिरलं.
तीच फांदी पंचवीस वेळा ठेवली, एका सेकंदाची.
आवाजाच्या पट्टीवर काही नाही.
तिने म्हणून पाहिलं. पुरेना.
आता जीभ जड झालीय, म्हणाली, अजून थोडं दे.
तीस. पस्तीस.
शेवटी चाळीस फ्रेमांत तिचा चाळीस मावला,
आणि लगेच मागून त्याचा.

अखंड प्रत नातवाला पेन ड्राइव्हवर.
अडकणारी तिला, पुन्हा डीव्हीडीवरच,
कारण प्लेअर अजून तोच आहे.
मग तो आपणहून अडकेल की, मी म्हटलं.
नाही, म्हणाली, नव्या तबकडीवर नाही अडकत. पाहिलंय.

यंदाही समुद्र धरला नाही.
फेरीबोट मार्चभर ये-जा करतेय.

तिने सहा तबकड्या डब्यात भरल्या, झाकण दाबलं.
सातवी टेबलावर राहिली, पालथी.
विसरली की ठेवली, मी विचारलं नाही.
बिल सहाचं केलं.
चरे धरले नाहीत.