जुन्या फ्रीजमधली ऊब

ज्यात तीस वर्षं दूध आणि डुकराची चरबी गार राहिली
त्याच फ्रीजमध्ये आता अठ्ठावीस अंशांची ऊब आहे.
कॉम्प्रेसर मी भंगारात दिला,
तळाला हीटिंगची वायर वेटोळं घालून चिकटवली,
दाराला भोक पाडून थर्मामीटरचं शेपूट आत सोडलं.
व्लास्ता वरूनच म्हणाली,
माझ्यासाठी एक फळी ठोकायला तुला चार वर्षं लागली, ओटाकार.
खरं आहे.

बारा अंडी. ओल्या भुश्यात अर्धी रुतलेली,
एकमेकांना चिकटलेली, म्हणून सोडवली नाहीत.
प्रत्येकावर पेन्सिलीचा ठिपका:
ही बाजू वर.
कोंबडी अंड्यांची कूस बदलत राहते,
सापाचं अंडं उलटलं
तर आतला जीव आपल्याच पाण्यात बुडतो.

साठ दिवस मी नुसता आकडे लिहीत होतो,
ओस्त्राव्याच्या खाणीत गॅसचे लिहायचो तसे,
त्याच जातीच्या वहीत, तशाच बोथट पेन्सिलीने.

एकसष्टाव्या दिवशी एका अंड्यावर चीर.
ब्लेडने मारावी इतकी सरळ.
नाकाच्या टोकावर एवढ्या एका कामापुरता दात असतो त्यांना,
काम झालं की गळून पडतो.
चिरेतून काडीच्या गुलाएवढं डोकं,
दोन डोळे,
आणि मग काहीच नाही.
एक दिवस. दुसरा दिवस.

शेजारचा रादिम विचारतो, ओढू का जरासं?
त्याचा हात मी धरून ठेवतो.
पिंजरा वर यायचा तेव्हा
आम्हीही असेच थांबायचो दारापाशी,
काळी तोंडं उजेडाकडे करून, पाऊल न टाकता,
आणि बाहेरचे ओरडायचे, चला रे, आटपा.
आत अजून थोडा बलक प्यायचा राहिलेला असतो, बाळा.
नाळ आपली आपण तुटते.

सप्टेंबर सरताना बेस्किडीवरून वारा आला
आणि गल्लीतली वीज गेली.
सव्वीस. पंचवीस. साडेचोवीस.
मी घोंगडी गुंडाळत होतो फ्रीजला,
एखाद्या तापकऱ्याला गुंडाळावं तशी,
तेवढ्यात जिना वाजला.
एकोणीस वर्षांत तळघराची एकही पायरी न उतरलेली व्लास्ता,
काखेत गरम पाण्याच्या दोन रबरी पिशव्या,
तोंडात टॉर्च.
पिशव्या आत ठेवल्या, कुठे ठेवू हे न विचारता.
बाहेर पडलेल्या सात पिल्लांचा डबा उचलला
आणि कोटाच्या आत, स्वेटरला टेकवून धरला.
डोळे घट्ट मिटलेले.
अस्तनीतले साप म्हणतात ते हेच ना, म्हणाली,
आणि हसायला घाबरली,
डबा हलेल म्हणून.

वीज पहाटे आली.
वहीत माझ्या आकड्यांखाली तिचं तिरकं अक्षर:
तीन वाजून दहा. सगळे वळवळतायत.
कशासाठी लिहायचं ते कळलं नाही, पण लिहिलं.

अकरा निघाले.
बारावं पिवळं पडलं, एका बाजूने बसलं.
नखं कापायची कात्री घेऊन मी दोनदा उभा राहिलो.
तिसऱ्यांदा कापलं.
पूर्ण होता. पाठीवरचे तांबडे पट्टे,
पोटावरची बुद्धिबळाची घरं, सगळं जागच्या जागी,
फक्त ती चीर मारायची राहिली होती.
ठिपका शेवटपर्यंत वरच होता.
हे मी रादिमला दोनदा सांगितलं. त्याने विचारलं नव्हतं.

आठवड्याने अकरांच्या डोळ्यांवर दुधी झाक आली,
मग अकरा डब्यांत अकरा काती,
सिगारेटच्या कागदाहून पातळ,
डोळ्यांच्या काचांसकट.

आता त्यांना भूक लागेल.
गोठवलेल्या उंदरांच्या पिल्लांचं पाकीट शुक्रवारी आलं.
नव्या फ्रीजमध्ये नाही, व्लास्ता म्हणाली, मी मेले तरी नाही.
संध्याकाळी बघतो तर
मटारची पिशवी एका बाजूला सरकवलेली,
बरोबर पाकिटाएवढी.