केमीवरचं विरजण

औलूच्या जलविज्ञान विभागात आठ यंत्रं,
आठही जणींना नद्यांची नावं:
केमी, सिमो, ई, कीमिंकी, सीका.
उरलेल्या तिघी भिंतीपलीकडे, पूर मोजणाऱ्यांकडे.
प्रत्येकीची डिस्क एवढीशी.
कंपायलर ठेवला तर नदीचे आकडे मावत नाहीत,
आकडे ठेवले तर ते शिजवायचे कशात?

राइली केत्तुनेन म्हणाली, एकीकडेच ठेवू. केमीवर.
बाकीच्यांनी तिथून घ्यायचं.
उर्हो लॅम्सा म्हणाला, आणि केमी आजारी पडली तर?
राइली बोलली नाही.
ती टेप लावत होती.

कंपायलर बांधायला आधी कंपायलर लागतो,
दह्याला दही लागतं तसा.
(तिची आजी युद्धात कारेलियातलं घर सोडून निघाली
तेव्हा विरजण तिनं फडक्यावर वाळवून
बाळाच्या कपड्यांत घडी करून आणलं होतं.
हे राइलीनं एकदाच सांगितलं, तेही डबा धुताना.)
जुन्यानं नवा बांधला.
नव्यानं स्वतःलाच बांधलं, आणि पुन्हा एकदा.
मग दुसरा नि तिसरा शेजारी ठेवून
बाइटला बाइट लावून पाहिली.
सकाळचे सहा, बाहेर उणे अठ्ठावीस.
फरक काहीच नाही.
लागलं, म्हणाली ती.

मग सातही जणींवर एकाच नावाची
एकेक रिकामी डिरेक्टरी.
रिकाम्या कपाटाचं दार उघडावं
आणि आत शेजारणीचं अख्खं स्वयंपाकघर दिसावं,
चूल पेटलेली, भांडी जागच्या जागी.
वाचा. चालवा. हात लावू नका.

सीकाचा प्रोसेसर निराळा,
तिला केमीचं अन्न पचेना.
तिच्यासाठी वेगळी चूल, राइलीची आणखी एक रात्र.
आणि ईचं घड्याळ सात मिनिटं पुढे,
त्यामुळे तिच्यावर मी आत्ता लिहिलेली फाइल
केमीच्या हिशेबी अजून लिहायची होती.
दोन दिवस आम्ही घड्याळंच जुळवत बसलो.

मार्चमध्ये प्रोफेसर होल्मांना ऊन हवं झालं.
त्यांनी टेबल खिडकीशी ओढलं,
आड येणारी केबल फिरवून सोडवली,
नि उन्हात पेन्सिलीला टोक करत बसले.

साऱ्या पडद्यांवर एकच ओळ:
केमी उत्तर देत नाही. प्रयत्न चालू आहे.
प्रयत्न चालू आहे.
दारं उघडली. बोळात माणसं उभी,
मोजे घातलेली, हातात कप,
तीन वर्षं शेजारी बसून
पहिल्यांदाच एकमेकांना विचारत, तुमचंही?
उर्हो 'मी म्हटलं होतं' म्हणाला नाही.
त्यानं सगळ्यांसाठी कॉफी ठेवली.

मी विचारलं, थोडा वेळ वाट पाहून
सोडून दे, असं नाही का सांगता येत यंत्राला?
येतं, राइली म्हणाली, दातांत टॉर्च, केबल चाचपत.
मग ते अर्धंमुर्धं उचलून पुढे जाईल
आणि अर्ध्यालाच पुरं म्हणेल.
त्यापेक्षा थांबलेलं बरं.

खिडकीपाशी ती ओणवी झाली.
होल्मांनी पाय वर घेतले.
दोन वेढे, बस.
सगळे प्रोग्रॅम जिथे थबकले होते तिथूनच उठले,
रुसले नाहीत,
मधे पाऊण तास गेला हे त्यांच्या गावीही नव्हतं.

माझं मॉडेल म्हणालं, नदीवरचा बर्फ तीन मेला फुटेल.
फुटला एकोणतीस एप्रिलला, रात्री,
आवाजानं पुलावरचे लोक थांबले.
मी राइलीला म्हटलं, त्या दिवशीची केबल.
तिनं जिथे ते थांबलं होतं ती ओळ शोधून काढली.
तिथून खाली सगळं बरोबर होतं.
चूक त्याच्या बरीच वर होती,
माझ्या हाताची.