गुंदार्स दुवे काढतो

लिएपायाच्या बंदरामागे, चांभाराच्या दुकानावर
एका खोलीत गुंदार्स दुवे विकायचा.
ओळीतला एक निळा शब्द : चाळीस युरो.
पहिल्या पानावर हवा असेल तर नव्वद.

गाद्यावाले यायचे, दातांचे डॉक्टर,
रिगाचे कर्जवाले, कुठल्याशा बेटावरचा जुगार.
सगळ्यांना हवी असायची
भल्या माणसाची शिफारस.
आणि भला माणूस स्वस्तात पडतो,
मेलेला असला तर.

अर्विड्स मेला होता.
चर्चमधले ऑर्गन दुरुस्त करायचा.
कुठल्या गावचा सा ओल धरतो,
कुठल्या नळीत चिमणी शिरते,
वीस वर्षं मांडून ठेवलं होतं त्याने.
भाडं थकलं, पत्ता लिलावात निघाला.
गुंदार्सने उचलला. अकरा युरो.
नळ्यांचे फोटो राहू दिले,
मधेमधे गाद्या अंथरल्या.

शोधयंत्राचा नियम तसा साधा :
पैसे घेऊन बोट दाखवलंत
तर पैसे घेतले म्हणून सांगा.
पण सांगितलं की बोटाचं वजन जातं,
आणि बिनवजनाच्या बोटाला
चाळीस युरो कोण मोजेल?

फेब्रुवारीत एका मंगळवारी पत्ता बुडाला.
दोन ओळींची नोटीस : अनैसर्गिक दुवे.
यंत्राने निसर्गाचं नाव घ्यावं,
त्याला हसू आलं. मग आलं नाही.

सहाशे बारा पत्रं. मजकूर एकच :
आमच्याकडे येणारा तुमचा दुवा कृपया काढावा.
कुणी काढला. कुणी उत्तरच दिलं नाही.
एकाने काढण्याचेही वीस युरो मागितले,
गुंदार्सने दिले; धंदा तो ओळखत होता.

कुल्दीगाहून स्कायद्रीतेचं उत्तर आलं.
पियानो शिकवते. तिच्या पानावर शिकवणीच्या वेळा,
आणि तळाशी दोन निळे शब्द : माझे वडील.

"लावला तेव्हा ते होते.
अजूनही रविवारी उघडते. गाद्या दिसतात. मिटते.
काढणार नाही.
हा दुवा आहे.
तुमच्याकडे काय होतं, तुम्हाला ठाऊक."

यादीत तिच्यापुढचा रकाना कोरा राहिला.
खाली चांभार खिळे ठोकत होता.
गुंदार्सने एक गादी उचलली, मग दुसरी.
मागे एक नळी निघाली, तोंडाशी काड्या, पिसं,
आणि फोटोखाली अर्विड्सची ओळ :
घरटं काढलं नाही.
पिल्लं उडाली की येईन.