आडवा आठ

परभणीच्या जब्बार घड्याळवाल्यानं
एक्क्याऐंशी साली ही लेन्स माझ्या हातावर ठेवली,
साडेचारशे मोजून घेतले आणि वर म्हणाला,
जपानी काच आहे, कांद्यासारखी सोलून बघू नको.

मी सोलली नाही.
सेलूच्या मोंढ्यामागं दहा बाय बाराची खोली,
पडद्याला सरकीचा वास,
पडद्यावर मी कधी न पाहिलेलं काश्मीर.

तिचा स्वभाव सांगतो.
दीड फुटाच्या आत ती कुणालाच ओळखत नाही.
जानेवारीत कडी जड फिरते,
मेमध्ये आतलं वंगण पातळ होऊन पात्यांवर उतरतं,
मग पाती मिटायचा आळस करतात
आणि दोन-तीन दिवस मी सगळं गाव
एकाच उजेडात बघतो.
कोकणात लेन्सला बुरशी खाते म्हणे.
आमच्याकडं बुरशीला बी पाणी पुरत नाही.

अंतराच्या आकड्यांच्या शेवटी एक खूण आहे.
अफरोज तेव्हा झाडू मारायला यायचा, एवढासा.
मामा, हा इंग्रजी आठ आडवा कामून पडलाय?
थकलाय, म्हणालो.
आमची भिंत नऊ फुटांवरच संपत होती,
तिथवर कडी न्यायची वेळ आली ती एकदाच,
पुलावरून मानवत रोडकडं जाणारी गाडी काढली तेव्हा.
गाडी हलली. आठ स्पष्ट आला.

मुलगी दाखवायचे फोटो, ती खरी भाकर.
ते मी पूर्ण उघडून काढायचो, एक पॉइंट चारवर.
एवढं उघडलं की काच मवाळ होते,
डोळे तेवढे लख्ख, बाकी चेहरा सायीसारखा.
मथुरा टाकळकर, अठराची, गालभर देवीचे वण.
फोटोत एक राहिला नाही.
बापानं तीन प्रती जास्तीच्या नेल्या.

पाच वर्षांनी ती आली, कडेवर पोर.
स्टुलावर बसलीच नाही.
तुमी पुसले, म्हणाली,
सासूनं एका हातात फोटो धरला, दुसऱ्या हातानं माझी हनुवटी,
आन् एकेक मोजला. एकोणचाळीस निघाले.
एवढंच. पोराचा फोटो काढायचा होता, तो काढला.
पैसे द्यायला विसरली नाही.

त्या रात्री कडी पाच पॉइंट सहावर आणली
आणि तिथंच राहू दिली.
लोक म्हणायचे, पलीकडच्या गल्लीतला गोरं काढतो.

मग रीळ मिळायचं बंद झालं.
काच आतून पिवळी पडत गेली, पातळ चहासारखी.
जब्बार गेला होता. त्याचा पोरगा म्हणाला,
काचेत कसलं तरी खनिज आहे, तेच तिला जाळतंय,
ऊन दाखवा.
ऊन! सेलूत हे औषध सांगायचे
त्यानं पन्नास रुपये घेतले.

पत्र्यावर, कुरडयांच्या शेजारी,
महिनाभर ठेवली चांदीच्या कागदावर.
पद्मीण संध्याकाळी कुरडयांसोबत तिलाही आत आणायची,
उजेडाला धरून म्हणायची,
वाळली नाही अजून.

मृगाच्या आधी वाळली.
अफरोजनं त्याच्या नव्या कॅमेऱ्याला पितळी चकती लावून बसवली.
त्याच्याकडं आता ड्रोन आहे, मला मामाच म्हणतो.
मागच्या काचेवर चेहरे दिसले
निळसर, धुऊन काढल्यासारखे.
इतकी वर्षं मला वाटायचं
आपल्या गावाला संध्याकाळ लवकर होते.

परवा एक बाई आली, निराधारच्या अर्जाला फोटो पाहिजे.
मी ओळखलं नाही, तिनंच सांगितलं.
कडीवर बोट ठेवून विचारलं, किती उघडू?
आता काय बी करा, म्हणाली,
वण सुरकुत्यांत गेले, मलाच सापडत नाहीत.

मी जवळ सरकलो. दीड फुटावर थांबलो.
मोजले नाहीत.
मान थोडी डावीकडं, म्हणालो.
तिकडं उजेड कमी हाय, ती म्हणाली,
आणि हलली नाही.