शंभर मीटरच्या आत

फॉर्मवर एक रकाना होता : जोडीदाराशी नातं.
शलाकानं पेन माझ्याकडं सरकवलं.
मी लिहिलं, नणंद.
मागं 'माजी' लिहायला जागा शोधली,
रकाना तेवढा मोठा नव्हता.

पहाटे चार. बिलावलीचा बांध.
कपाळावर दिवे बांधलेली साठ-सत्तर माणसं
आणि आम्हा दोघींना मिळून एक आकडा, सत्तावीस.
नियम पुष्कळ होते, लक्षात राहिला एक :
जोडीत शंभर मीटरहून जास्त अंतर पडलं
तर दोघंही बाद.
लग्नात असलं काही कुणी वाचून दाखवलं नव्हतं.
तिचा भाऊ आणि मी
एकाच खोलीत बाद झालो,
टेप न लावता.

रालामंडलच्या कुंपणाकडेनं धावताना ती पुढं.
मी तिच्या टाचांवर दिवा धरून.
दोन वर्षं झाली, ती मला वहिनी म्हणत नाही.
नावानंही नाही. 'ए' म्हणते.
'ए, खड्डा.'
'ए, पाणी पी.'

मग सायकली, खंडवा रोडचे ट्रक,
भेरूघाटाच्या उतारावर ब्रेकचा जळका वास,
आणि खाली चोरलचं धरण, सकाळच्या उन्हात
कुणी नुकतंच पुसून ठेवल्यासारखं.

कायक एक, वल्ही दोन.
पुढच्यानं ताल धरायचा, मागच्यानं दिशा.
पुढं मी. मला ती दिसत नव्हती,
फक्त तिच्या वल्ह्याचं पाणी मानेवर उडत होतं.
मधोमध आल्यावर मागून आवाज आला,
'दादा लग्न करतोय. मेमध्ये.'

मी वल्हं चुकवलं नाही.
एखादं चुकलं असेल.
नाव जराशी डावीकडं कलली,
तिनं मागून सरळ केली.

'कधीपासून सांगायचं होतं?'
'रालामंडलपासून. चढावर दम नव्हता.'

काठ येईतो आम्ही मोजत राहिलो,
एक-दोन, एक-दोन,
त्याहून मोठा आकडा दोघींनाही नको होता.

कालाकुंडला पळसाच्या पानावर कलाकंद घेतला.
पैसे तिनं दिले, सुटे मी.
मीठ उतरलंय म्हणून दोघींनी
पिशवीतलं जिरावन चिमटीनं चाटलं,
गोडावर तिखट, तोंडाचं काय झालं ते विचारू नका.
रुळांच्या कडेनं पातालपानीकडं चढताना
तिचा उजवा गुडघा बोलायला लागला.
आधी हळू. मग सगळ्यांना ऐकू जाईल असा.

'ए, तू जा पुढं.'
'शंभर मीटर,' मी म्हटलं.
माझ्या पट्ट्याची रबरी दोरी
तिच्या पट्ट्यात अडकवली.
तिला ओढलेलं आवडत नाही. त्यांच्या घरात कुणालाच नाही.

जानापाव चढलो तेव्हा रात्रीचे अडीच.
दोरी ताणायची, सैल पडायची,
मी अंधारात तिचं वजन ओळखायला शिकत होते.
एका वळणावर तिच्या तोंडून गेलं,
'वहिनी, हळू.'
दोघींनीही ऐकलं नाही.

माथ्यावर शालीतला पोरगा कार्ड पंच करत होता.
म्हणाला, 'दीदी, इधर का पानी चंबल में जाता है,
उधर का नर्मदा में.'
शलाकानं चूळ भरली, नर्मदेकडं टाकली.
मी चंबळेकडं.
'घे,' ती म्हणाली, 'आता समुद्रसुद्धा वेगळे.'
मला इतकं हसू आलं की पोटरीत गोळा आला,
आणि तिनंच बसून तो चोळला,
गुडघा दुखत असताना.

महूला पोचलो, पाच चाळीस.
अकरा जोड्यांत नववा नंबर.
माइकवाल्यानं फॉर्म बघून पुकारलं,
'सत्ताइस, ननद-भाभी!'
चार जणांनी टाळ्या वाजवल्या, एक त्यातला चहावाला.

तिला रामबागेत जायचं होतं, मला सुदामानगरला.
पहिला घाणा पोह्यांचा निघत होता.
ती दोन प्लेट सांगायला लंगडत गेली
आणि मी आपोआप मागं ओढले गेले.
दोरी काढायची राहिली होती.
पोहेवाल्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं,
आणि विचारलं, सेव जास्त?