पावतीपुस्तक

वाघ नाही आमच्याकडे.
हे मी जीपमधून उतरतानाच सांगून टाकतो,
म्हणजे परत जाताना कुणाचं तोंड पडत नाही.
अस्वल आहे.
पण ते त्याच्या वेळेला आहे.

मी वेस्ता पावरा, गाईड नंबर तीन.
एक आणि दोन माझे चुलतभाऊ.
चौथी जुगनी,
ती आम्हा तिघांपेक्षा भरभर चालते
आणि पाहुण्यांसाठी थांबत नाही, ही तिची तक्रार येते.

सात पायरीच्या घाटात ज्यांना मळमळलं
त्यांना आधी लिंबू.
मग तलाव, मग खाईच्या कडेची वाट,
मग रायलीच्या घरी जेवण, या महिन्यात तिची पाळी.
लोक शेवभाजी मागतात.
रायली अंबाडी वाढते.
दुसऱ्यांदा मागून घेतात तेव्हा ती माझ्याकडे बघते.

माणशी साडेचारशे:
तीनशे चुलीला, शंभर वाटेला,
पन्नास डब्यात.
डब्याला दोन कुलुपं, किल्ल्या दोन घरी,
त्या दोन घरांचं एकमेकांशी बोलणं नाही.
हे आम्ही ठरवून केलंय.

मागच्या डिसेंबरात सुरतचे एक शेठ आले.
म्हणाले, तो मोरपिसांचा टोप घाला,
कमरेला घुंगरं बांधा, नाचा जरा शेकोटीपाशी.
दोन हजार.
रात्री मिटिंग बसली.
पोरं म्हणाली, दोन हजार म्हणजे दोन हजार.
गेमताबाबा बराच वेळ बिडीच शोधत होता.
मग म्हणाला, टोप घालायचा तर आधी पाळणी धरायची.
खाटेवर झोपायचं नाही,
बायकोच्या हातचं खायचं नाही,
होळी पेटेपर्यंत.
शेठला विचारून ये, थांबतो का तोवर.

मी गेलो विचारायला. खरंच गेलो.
शेठ हसले.
त्यांना वाटलं, मी भाव वाढवतोय.

वाटेवर एक अंजन आहे.
त्याच्या खोडावर चार रेघा,
मध चढून खाणाऱ्या अस्वलाच्या. त्या मी दाखवतो.
जरा खाली एक जुनी खाच आहे,
कडेनं साल भरून आलेली, ओठ मिटल्यासारखी.
तीही अस्वलाचीच, असं सांगतो.
सहा वर्षं सांगतोय.
फोटो निघतात.

परवा जळगावची एक पोरगी, असेल नऊ-दहाची,
खाचेत बोट घालून म्हणाली,
अस्वल इतकं सरळ कापतं?
तिची आई म्हणाली, काका सांगतात ना.

उतरताना ती मागे राहिली, मीही राहिलो.
माझ्या बापानं, म्हटलं. कुऱ्हाडीनं.
का?
जळण.
मग?
मग पावती मिळाली.

ती पावती घरी आहे, पत्र्याच्या पेटीत.
बापाचं नाव चुकलेलं,
मोळी एक,
दंडाच्या जागी शाई उडालेली.
तेवढ्यासाठी आमची बकरी गेली होती.
काळी होती, एका कानाला पांढरा ठिपका.
मला तो साहेब आठवत नाही, बकरी आठवते.
आता त्याच खात्याचा हिरवा शर्ट माझ्या अंगावर,
दोन बटणं रायलीनं वेगळ्या रंगाची लावलेली.

संध्याकाळी मोगीनं पावतीपुस्तक काढलं.
भावाची पोर, आठवीला आहे, अक्षर गोल.
मी वाचत नाही,
पण ती लिहिताना बाजूला उभा राहतो.
जळगावची पोरगी म्हणाली,
माझं पण नाव घाला, मी पण चालले.
लहानांचे पैसे घेत नाही आम्ही.
तरी मोगीनं घातलं. समोर शून्य.
खाली निळा कार्बन होता.
वरचा कागद त्यांना फाडून दिला,
खालचा आमच्याकडे राहतो.

उद्या धुळ्याहून तिघं येतायत.
पाळी जुगनीची.
वाघ नाही,
हे तिनं फोनवरच सांगितलंय.